खोट्या संगमरवराची कैफियत

युरोपची सहल करून परतलेल्या मराठी मंडळींच्या छायाचित्रांत एक किल्ला हटकून असतो. मागे आल्प्सची निळसर रांग, पुढे गर्द झाडी आणि मधल्या सुळक्यावर पांढऱ्याशुभ्र, निमुळत्या मनोऱ्यांचे नॉयश्वानस्टाइन. ते पाहून 'काय ते मध्ययुग!' असे उद्गार निघतात. वस्तुस्थिती अशी की, या किल्ल्याचे बांधकाम १८६९ साली सुरू झाले. आपल्या बोरघाटातून आगगाडी धावू लागली ती १८६३ साली. म्हणजे हा 'मध्ययुगीन' किल्ला घाटातल्या रेल्वेहून धाकटा आहे. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने तो स्वतःच्या स्वप्नरंजनासाठी उभारला आणि त्याची कल्पनाचित्रे काढली ती क्रिस्टियान यांक या रंगभूमीचे पडदे रंगविणाऱ्या चित्रकाराने. २०२५ साली लुडविगच्या इतर प्रासादांसह हा किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्याबद्दल आमची काहीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. या किल्ल्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, डोंगरांच्या पायथ्याशी, एका कुरणात एक चर्च उभे आहे. याच यादीत ते १९८३ सालीच दाखल झालेले आहे. किल्ल्याच्या मध्ययुगीनपणावर शंका न घेणारी हीच मंडळी या चर्चमध्ये शिरली की मात्र चिकित्सक होतात. खांबावर टिचकी मारून पाहतात आणि म्हणतात, "अहो, हा संगमरवर नाहीच मुळी. सगळा गिलावा आहे!" या टिचकीविषयी आम्हांला येथे थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे, कारण एके काळी ती आम्हीही मारलेली आहे.

चर्चचे नाव वीसकिर्शे. 'वीस' हा येथे आकडा नसून कुरण या अर्थाचा जर्मन शब्द आहे. आमच्या बाबतीत आकड्याशी त्याचा संबंध एवढाच की, प्रथम गेलो तेव्हा सहलीच्या कार्यक्रमात या ठिकाणासाठी वीसच मिनिटे राखून ठेवलेली होती. बसमधून उतरलो, आत जाऊन माना वर केल्या, सोनेरी-गुलाबी-पांढऱ्या त्या गर्दीने डोळे दिपवून घेतले, बाहेर येऊन टपरीवरची पिठीसाखर भुरभुरलेली तळलेली गोड पुरी खाल्ली आणि पुन्हा बसमध्ये बसलो. 'लग्नाचा केक' हा आमचा त्या दिवशीचा अभिप्राय होता. तो मौलिक नव्हता हे पुढे कळले. अठराव्या शतकातील या चर्चांविषयी हेच विशेषण पुष्कळांनी वापरलेले आहे. पुढे काही वर्षांनी पुन्हा त्या भागात जाण्याचा योग आला. या वेळी हाताशी चार दिवस होते आणि बसचा भोंगा नव्हता. त्या चार दिवसांत आमचे मत बदलले. ते कसे व का बदलले हे सांगणे म्हणजेच प्रस्तुत लेख.

प्रथम आमच्या त्या जुन्या अभिरुचीचा उगम तपासू. बरोक आणि रोकोको ही दोन्ही नावे मुळात हेटाळणीची आहेत. 'बरोक' हा शब्द वेड्यावाकड्या मोत्यासाठीच्या पोर्तुगीज शब्दावरून आला, असे सामान्यतः मानले जाते. 'रोकोको' हे शिंपले-खडकांच्या नक्षीसाठीच्या फ्रेंच शब्दाचे केलेले विडंबन. म्हणजे बारसे झाले तेच टवाळखोरांच्या हस्ते. आपल्यापुरते बोलायचे तर, युरोपीय चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टोकदार कमानी येतात, कारण इंग्रजांनी मुंबईत राजाबाई टॉवर आणि बोरीबंदरचे स्थानक गॉथिक वळणाने बांधले आणि आपला डोळा त्यावर पोसला गेला. नंतर आधुनिकतावाद आला. व्हिएन्नाच्या आडोल्फ लोस या वास्तुविशारदाने विसाव्या शतकाच्या आरंभी अलंकरणाची सांगड गुन्ह्याशी घातली, आणि दगड दगडासारखा दिसावा, काँक्रीट काँक्रीटसारखे दिसावे, हा विचार आपल्याकडच्या सुशिक्षितांनीही शिरोधार्य मानला. तिसरी गोष्ट म्हणजे, बरोकशी आपली गाठ पडली ती वसईत आणि गोव्यात, पोर्तुगीज राज्यकर्त्यांची वास्तुशैली म्हणून. वसईच्या विजयानंतर तेथील चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा प्रसिद्धच आहे. ज्या शैलीची ओळख युद्धातून झाली, तिच्याविषयी सहजी ममत्व वाटावे अशी अपेक्षा कुणी करू नये.

तेव्हा आरोपपत्र तीन कलमी आहे. एक, ही वास्तू खोटी आहे. दोन, ती अतिरेकी आहे. तीन, ती श्रीमंत धर्मसत्तेने गरिबांच्या जिवावर मिरविलेली आहे. तिन्ही कलमे आम्ही क्रमाने घेतो.

खोटेपणाचे कलम आधी. म्युनिकच्या नैर्ऋत्येस, आल्प्सच्या पायथ्याच्या ज्या टापूत ही चर्चे दाटीवाटीने उभी आहेत, त्याला तेथील लोक फाफेनविंकेल म्हणतात. अर्थ, 'पाद्र्यांचा कोपरा'. मठ इतके की दुसरे नाव सुचू नये. याच टापूत वेसोब्रुन नावाचे गाव आहे. जमीन थोडी, हिवाळा लांब. तेव्हा तेथील पुरुष गिलाव्याचे काम शिकले आणि शिकले ते असे की, सतराव्या-अठराव्या शतकांत वेसोब्रुनचे शेकडो कारागीर मध्य युरोपभर काम करीत होते. बांधकामाच्या हंगामात बाहेर जायचे आणि थंडी पडली की घरी परतायचे. वीसचा वास्तुकार डोमिनिकुस त्सिमरमान (१६८५–१७६६) आणि त्याचा थोरला भाऊ, चित्रकार योहान बाप्टिस्ट (१६८०–१७५८), हे याच परिसरातले. डोमिनिकुस कुठल्याही अकादमीत शिकलेला नव्हता. गिलावा करता करता तो वास्तुकार झाला आणि लांड्सबर्ग या गावाचा नगराध्यक्षही झाला.

हे लोक जो 'खोटा संगमरवर' बनवीत, त्याची कृती पाहण्याजोगी आहे. जिप्समच्या भुकटीत सरसाचे पाणी आणि रंग घालून ते पिठासारखे मळायचे. निरनिराळ्या रंगांचे गोळे एकत्र दाबून त्यांचे काप काढायचे, म्हणजे कापात शिरा उमटतात. हे काप खांबाच्या गाभ्यावर चढवायचे, सुकू द्यायचे, मग घासायचे, भोके बुजवायची, पुन्हा घासायचे; असे अनेक वेळा करून शेवटी तेल-मेणाने चकाकी आणायची. हे काम खऱ्या संगमरवराहून स्वस्त पडे असे मुळीच नाही. कित्येकदा महागच पडे. मग ते का करीत? कारण निसर्गातल्या कुठल्याही खाणीत न सापडणारा रंग हवा असे, जोड न दिसणारा खांब हवा असे. या प्रकाराला फसवणूक म्हणता येईल का? फसवणुकीत खरी वस्तू परवडत नाही म्हणून नकली आणलेली असते. येथे जी वस्तू जगात अस्तित्वातच नाही, ती हाताने तयार केलेली आहे.

ज्याला हे पडताळून पाहावयाचे असेल त्याने वीसला जाण्यापूर्वी रोटेनबुखला जावे. ऑगस्टिनियन पंथाच्या मठाचे हे चर्च मुळात मध्ययुगीन. १७३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढे योझेफ आणि फ्रान्झ क्साव्हर श्मुत्सर या वेसोब्रुनच्या बापलेकांनी त्याच्या आतल्या अंगावर गिलाव्याची नक्षी चढविली आणि मात्थेउस ग्युन्टर याने छते रंगविली. खांबांची मांडणी, उंची, टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या खिडक्या, हा गॉथिक सांगाडा आजही स्पष्ट ओळखू येतो. कारागिरांनी तो मोडला नाही आणि लपविलाही नाही. आपल्याकडे एखाद्या वृद्ध बाईला नातवाच्या मुंजीत सुना-लेकींनी नटवून बसवावे आणि शालू-दागिन्यांतूनही तिचे वय व तिची ऐट दोन्ही दिसावीत, तसे ते दिसते. आमच्या मते या टापूतील सर्वांत कमी नावाजलेले आणि सर्वांत अधिक शिकविणारे चर्च हेच.

आता दुसरे कलम, अतिरेक. याचे उत्तर वीसच्या जन्मकथेत आहे, आणि ती कथा माहीत नसताना चर्च पाहणे म्हणजे लग्नघरी जाऊन वधूवरांना न पाहताच जेवून येण्यासारखे आहे. १७३० साली जवळच्या श्टाइनगाडेन मठातील दोघा धर्मगुरूंना गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसाठी फटके खाणाऱ्या ख्रिस्ताची मूर्ती हवी होती. नवी करविण्याऐवजी त्यांनी अडगळीतल्या जुन्या लाकडी मूर्तींचे अवयव जोडले, सांध्यांवर तागाचे कापड गुंडाळले, वर रंग दिला. साखळदंडांनी खांबाला बांधलेली, रक्ताळलेली ती मूर्ती चारेक वर्षे मिरवणुकीत फिरली. मग ती फारच केविलवाणी दिसते, असे ठरून बाजूला पडली आणि एका खानावळवाल्याच्या माळ्यावर गेली. तेथून १७३८ साली ती मारिया लोरी नावाच्या शेतकरी बाईने आपल्या कुरणातल्या घरी नेली. त्याच वर्षीच्या १४ जून रोजी तिला मूर्तीच्या चेहऱ्यावर अश्रू दिसले.

अश्रू खरे की खोटे, या वादात आम्ही पडत नाही. ज्यांचा चमत्कारांवर विश्वास नाही त्यांनीही पुढचे पाहावे. लोक येऊ लागले. १७४० साली कुरणात एक लहानशी कोठी बांधली. ती आजही तेथे आहे. गर्दी तीत मावेना, तेव्हा श्टाइनगाडेनच्या मठाने त्सिमरमानला बोलाविले आणि १७४५ ते १७५४ या काळात आजचे चर्च उभे राहिले. त्याच्यापायी मठ कर्जात बुडाला. काम संपल्यावर डोमिनिकुस दुसरीकडे गेला नाही. शेजारीच लहानसे घर करून राहिला आणि १७६६ साली तेथेच वारला.

दुसऱ्या खेपेस आम्ही सकाळी लवकर गेलो आणि मागच्या एका बाकावर दीड तास बसून राहिलो. पहिल्या दहा मिनिटांत पूर्वीसारखेच डोळे दिपले. मग हळूहळू चर्चची रचना लक्षात येऊ लागली. मुख्य दालन लांबट वर्तुळाकार आहे आणि त्याचे खांब जोडीजोडीने, भिंतीपासून सुटे उभे आहेत. खालचा भाग जवळजवळ कोरा पांढरा. आपण बसतो, गुडघे टेकतो, रडतो तेथे अलंकरण नाहीच म्हटले तरी चालेल. खांबांच्या माथ्यापासून ते सुरू होते आणि वर वर जाताना दाट होत जाते. खिडक्या चित्रविचित्र आकारांच्या असून त्यांतून येणारा उजेड एका ठिकाणी न पडता पांढऱ्या भिंतींवरून परावर्तित होत सर्वत्र पसरतो. वरचे छत घुमटासारखे भासते. ते दगडी घुमट नव्हे. छपराच्या लाकडी सांगाड्याला टांगलेल्या पट्ट्यांवर गिलावा देऊन केलेले ते उथळ छत आहे. म्हणूनच इतके सडपातळ खांब ते पेलू शकतात. आकाशाची खोली आहे ती योहान बाप्टिस्टच्या रंगांत.

आणि त्या आकाशात काय आहे? इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त. एका टोकाला अंतिम न्यायासनाचा भव्य मंच, पण आसन रिकामे. समोरच्या टोकाला अनंताचे दार, पण ते बंद. न्यायनिवाडा व्हायचा आहे, अद्याप झालेला नाही. मधल्या अवधीत क्षमा मिळू शकते. युरोपातील कितीतरी चर्चांत अंतिम न्यायाचे चित्र म्हणजे नरकात ढकलल्या जाणाऱ्या माणसांची झुंबड असते. येथे न्यायाधीश अजून खुर्चीवर बसलेलाच नाही. फिर्याद डोक्यावर असलेल्या कुणालाही या चित्राचा अर्थ पाद्र्याने समजावून सांगावा लागणार नाही.

या साऱ्या वैभवाच्या मध्यभागी, मुख्य वेदीवर, ती मूर्ती आहे. तुकड्यांची जोडलेली, कापडात गुंडाळलेली, माळ्यावरून आणलेली. गर्भगृहाचे तांबडे खांब म्हणजे रक्त आणि निळसर खांब म्हणजे कृपा, असा अर्थ जाणकार लावतात. तो बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. केविलवाणी म्हणून टाकून दिलेल्या एका वस्तूला, तिला टाकणाऱ्याच मठाने, आपल्या परिसरातील उत्तमातले उत्तम कारागीर बोलावून घर बांधून दिले. मूर्ती मात्र बदलली नाही. तिला नवे अवयव दिले नाहीत, तिच्यावर सोने चढविले नाही. अतिरेकाचा आरोप आम्ही येथे मागे घेतला. मार खाणाऱ्या माणसासाठी किती सजावट पुरेशी, याचे माप आमच्यापाशी नाही. बाजूच्या फेरीच्या वाटेत भक्तांनी लावलेल्या नवसाच्या चित्रफलकांची रांग आहे. आजारी मूल, पाय घसरलेला बैल, अंथरुणाला खिळलेली बायको. आमच्या देवळांतून नवसाचे पाळणे आणि चांदीचे डोळे पाहत वाढलेल्या माणसाला हे फलक परके वाटत नाहीत.

सर्वच चर्चे अशी हृदयाला भिडतात, असे मात्र नव्हे. एटालचा मठ १३३० साली स्थापन झाला. त्याचे मूळचे बारा बाजूंचे गॉथिक चर्च १७४४ च्या आगीनंतर पुन्हा सजविले गेले. त्याचा घुमट आणि त्यावरील योहान याकोब त्साइलरच्या शेकडो आकृत्या पाहून मान दुखते आणि मन कोरडे राहते, असा आमचा अनुभव. ओटोबॉयरेनचे चर्च याच चालीचे. भव्य, निर्दोष आणि माणसाला मुंगी करून सोडणारे. मात्र योहान मिखाएल फिशर या त्याच वास्तुकाराने आमरसे तळ्याकाठच्या डिसेन गावी १७३९ पर्यंत जे चर्च उभारले, ते चुकवू नये. तेथील वेदीमागचे मोठे चित्र खाली सरकविता येते आणि त्यामागे चक्क रंगमंच आहे, ज्यावर सणांनुसार देखावे उभे करतात. गणपतीतल्या देखाव्यांवर प्रेम करणाऱ्या आम्हां लोकांना यात धर्माची विटंबना दिसण्याचे काहीच कारण नाही. योगायोग असा की, १७३९ हे चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्याचे वर्ष. तिकडे पोर्तुगीज बरोकवर तोफा डागल्या जात होत्या तेव्हा इकडे एका तळ्याकाठी बरोकचे एक उत्तम लेकरू जन्म घेत होते.

डोंगर ओलांडून ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये उतरले की देश बदलतो, हात मात्र तेच राहतात. इन्सब्रुकच्या सेंट याकोब कॅथीड्रलमध्ये (१७१७–२४) आझाम बंधूंची चित्रे व गिलावा आहे आणि वेदीवर थोरल्या लुकास क्रानाखचे मातेचे चित्र. त्याच शहरातील विल्टेनच्या बॅसिलिकेत (१७५१–५६) छत रंगविले ते रोटेनबुखच्याच ग्युन्टरने. विल्टेनचा वास्तुकार फ्रान्झ द पाउला पेन्झ हा स्वतः खेड्यातला पाद्री. आसपासच्या खोऱ्यांतून त्याने पुष्कळ ग्रामीण चर्चे बांधली. स्टुबाइ खोऱ्यातील फुल्पमेस किंवा नॉयश्टिफ्ट येथे बर्फाच्या शिखरांखाली उभी असलेली ही चर्चे बाहेरून धान्याच्या कोठारासारखी साधी दिसतात आणि दार उघडताच आत गुलाबी-हिरवा वसंत फुललेला असतो. सहा महिने पांढरे-करडे जग पाहणाऱ्या गावाने आपल्या एकमेव सार्वजनिक दालनात रंग भरून घेतले, याला उधळपट्टी म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

येथे तिसरे कलम उभे राहते आणि ते सर्वांत गंभीर आहे. हा पैसा कुणाचा? उत्तर टाळण्यात अर्थ नाही. मठ हे जमीनदार होते आणि जमीन कसणारा शेतकरी त्यांना खंड व चाकरी देत होता. वीसच्या खांबांत यात्रेकरूंच्या दानपेटीबरोबर ते श्रमही आहेत. पण हाच आरोप घेऊन जे पुढे आले, त्यांनी काय केले हेही पाहिले पाहिजे. १७७० साली बव्हेरियाचा इलेक्टर माक्सिमिलियान योझेफ याने हुकूम काढला की, यापुढे ग्रामीण चर्चे साधी व एकसारखी असावीत, अनावश्यक नक्षी नको. त्याच वर्षी त्याने पॅशन नाटकांवरही बंदी घातली. प्लेगच्या साथीत १६३३ साली केलेल्या नवसापोटी ओबरआमरगाउचे ग्रामस्थ जे नाटक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते, तेही त्या वर्षी होऊ शकले नाही. सुधारणेचा रोख अडाणी लोकांच्या भडक आवडीवर होता. म्हणजे आधी आवडीची थट्टा झाली आणि मग आवडीवर बंदी आली.

१८०३ मध्ये राज्याने मठ खालसा केले. त्यांची संपत्ती शेतकऱ्यांत वाटली गेली, असे कुणास वाटत असेल तर ते खरे नाही. ती सरकारजमा झाली, पुस्तके-भांडी लिलावात गेली, इमारती दगडविटांच्या भावाने विकल्या गेल्या. वीसचे चर्चही पाडण्याच्या यादीत होते. ते वाचले ते भोवतालच्या शेतकऱ्यांनी हट्ट धरला म्हणून. ज्यांच्या शोषणाचा पुरावा म्हणून आपण त्या खांबांकडे बोट दाखवितो, त्यांनीच ते खांब आपले म्हणून राखले. हा मुद्दा शोषणाचा आरोप पुसून टाकीत नाही. पण त्या लोकांच्या वतीने बोलणाऱ्याने त्यांनी काय मागितले होते, तेही ध्यानात घ्यावे. वेसोब्रुनचे दैव मात्र तेवढे थोर नव्हते. साऱ्या युरोपला गिलावा पुरविणाऱ्या त्या गावाच्या मठाचे चर्च १८१० साली पाडले गेले. आज तेथे मठाचा काही भाग आणि एकटा बुरूज पाहावयास मिळतो. आम्ही तेथे एका संध्याकाळी उभे होतो आणि एवढ्या मोकळ्या जागेचे काय करावे ते सुचत नव्हते.

'गिलावा खोटा, दगड खरा' हा समज केवळ अभिरुचीचा प्रश्न असता तर आम्ही इतका ऊहापोह केला नसता. त्याची किंमत मोजावी लागते, आणि आपल्या दाराशीही मोजली गेली आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिका १६०५ साली पूर्ण झाली. ती जांभ्याची असून तिच्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात, पोर्तुगीज राजवट असतानाच, जीर्णोद्धाराच्या नावाखाली तो खरवडून काढण्यात आला, जेणेकरून वास्तू प्राचीन आणि अस्सल दिसावी. तांबूस जांभ्याची ती भिंत आज पर्यटकांच्या कॅमेऱ्यांत फार देखणी दिसते. पण जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो, आणि गोव्याचा पाऊस चार महिने धरून बसतो. गिलावा हा त्या भिंतीचा दागिना नव्हता, ती तिची कातडी होती. दगडाची झीज पाहून अलीकडे गिलावा पुन्हा चढवावा अशी मागणी जाहीरपणे पुढे आली, तेव्हा तिला विरोधही झाला. कारण दोन पिढ्यांना सोललेले रूपच मूळ वाटू लागले आहे.

आणि गोवा तरी कशाला? ज्या दशकांत त्सिमरमान बंधू काम करीत होते, त्याच दशकांत पुण्यात, वाईत, नाशकात पेशवाईतले कारागीर विटा आणि चुना यांतून देवळांची शिखरे घडवीत होते. कोनाड्याकोनाड्यांतून देव, ऋषी, वादक, द्वारपाल बसविलेली ती रंगीत चुनेगच्ची आपण किती वेळा मान वर करून पाहिली आहे? हेमाडपंती दगडापुढे ती आपल्याला हलकी वाटते. कुठे तिच्यावर तैलरंगाचे थर चढतात, कुठे तुटलेला हात सिमेंटने जोडला जातो. चुना भिजविणारे, कुटणारे, घोटणारे हात दुर्मिळ होत आहेत. बव्हेरियात वीसच्या चर्चचा १९८५ ते १९९१ असा सहा वर्षे जीर्णोद्धार चालला, तो शक्य झाला याचे एक कारण म्हणजे गिलावा ही जपण्याजोगी कला आहे, हे तेथे मान्य झालेले होते. आपल्याकडे ते मान्य व्हावयाचे आहे, आणि ते होण्यास आम्हां पाहणाऱ्यांच्या नजरेपासूनच सुरुवात करावी लागेल.

असो. कुणाला जावयाचे असल्यास आमची सूचना अशी. नॉयश्वानस्टाइन अवश्य पाहावे, पण फ्युसेन गावात उतरल्यावर आधी पाच मिनिटांवरच्या सेंट मांग चर्चमध्ये (१७०१–१७) शिरावे. तेथे दर्शनासाठी रांग लागत नाही. दुसऱ्या दिवशी रोटेनबुख आणि त्यानंतर वीस, याच क्रमाने. म्युनिककडे परतताना डिसेन. एटाल वेळ उरल्यास. टिरोलमध्ये शिरल्यास विल्टेन आणि स्टुबाइ खोऱ्यातले कुठलेही एक खेडे. दिवसाला दोनांहून अधिक चर्चे पाहू नयेत. तिसऱ्याला डोळा थकतो आणि 'लग्नाचा केक' हा शब्द पुन्हा जिभेवर येतो. प्रार्थना चालू असल्यास छायाचित्रे घेऊ नयेत, हे सांगावयास नको. ही चर्चे संग्रहालये नाहीत, वापरात आहेत. वीसला मात्र किमान तासभर द्यावा आणि मागच्या बाकावर बसावे, म्हणजे रिकामे न्यायासन आणि त्याखाली वेदीवरची ती ठिगळांची मूर्ती एका नजरेत येतात.

खांबावर टिचकी मारण्याचा मोह होईलच. मारावी. आवाज दगडासारखा येणार नाही. मग ज्या गावच्या माणसांनी ते पीठ मळले, त्या वेसोब्रुनला जाऊन यावे आणि तेथल्या मोकळ्या जागेत क्षणभर उभे राहावे.